वाणसामानाच्या यादीपासून सुरू होणारे पथ्य

चार माणसांच्या घरात मिठाची एक किलोची पिशवी किती दिवस पुरते? बहुतेक घरांत हे कुणी कधी मोजलेले नसते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. चौघांचे मिळून झाले २० ग्रॅम. या हिशेबाने किलोची पिशवी निदान पन्नास दिवस पुरायला हवी. त्यातही बाहेरून येणारे फरसाण, खारी, ब्रेड, वेफर्स यांतले मीठ धरलेले नाही. लोणची-पापडांचा मोसम नसताना पिशवी महिनाभरातच रिकामी होत असेल, तर घरातल्या रक्तदाबाचे एक कारण स्वयंपाकघराच्या फळीवरच आहे, असे समजायला हरकत नाही.

मधुमेह किंवा रक्तदाबाचे निदान झाले, की घरोघरी पहिला विचार येतो तो वेगळ्या जेवणाचा. आजोबांना अळणी भाजी, बाबांना बिनसाखरेचा चहा आणि बाकीच्यांचे नेहमीप्रमाणे. असे पथ्य फार दिवस टिकत नाही. करणारी दमते, खाणाऱ्याला एकटे पडल्यासारखे वाटते आणि पहिल्याच सणाला सगळे पूर्वपदावर येते. शिवाय हे आजार घराण्यात चालत येणारे असल्याने ज्या मुलांसाठी ‘नेहमीचे’ शिजते, त्यांनाच दहा-पंधरा वर्षांनी तोच धोका असतो. म्हणून पथ्याची सुरुवात रुग्णाच्या ताटापासून करण्याऐवजी महिन्याच्या यादीपासून करावी. यादी बदलली की सगळ्यांचेच ताट बदलते.

यादी ताडून पाहायला एक चांगले माप उपलब्ध आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात साधारण असे प्रमाण दिले आहे: धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये (किंवा त्याऐवजी अंडी, मासे, मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, शेंगदाण्यासारखे दाणे आणि बिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर. साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत. आता याला चार माणसे आणि तीस दिवस यांनी गुणावे. धान्य ३० किलो, तेल-तूप सव्वातीन किलो, साखर फार तर ३ किलो. आणि डाळी-कडधान्ये? शाकाहारी घरात तब्बल दहा किलो.

या शेवटच्या आकड्याशी पुष्कळ घरे अडखळतील. तूरडाळ दोन किलो, मूग-मटकी-हरभरे मिळून आणखी एक-दोन किलो, अशीच बऱ्याच घरांची यादी असते. तेल मात्र पाच लिटरचा डबा. म्हणजे जे वाढायला हवे ते निम्म्याहून कमी येते आणि जिथे हात आखडता घ्यायचा, तिथे तो सैल सुटलेला असतो.

देशपातळीवरही चित्र असेच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि चेन्नईतल्या मधुमेह संशोधकांनी राज्याराज्यांत मिळून केलेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. भारतीय माणसाच्या दिवसभरातल्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून, मुख्यतः भात, गहू आणि साखरेतून येतात, असे त्याच पाहणीच्या आहारविषयक भागात दिसले. प्रथिने मागे पडतात.

‘पण आमच्या घरात कुणी जाड नाही’ हा दिलासा इथे कामाचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघेही अंगाने सारखेच दिसणारे. उंची-वजनाचा निर्देशांकही दोघांचा तंतोतंत २२.३. मोजणी केल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात किती चरबी दडलेली असू शकते, हे त्या एका फोटोने जगाला समजावले. घरच्या घरी तपासायचे तर शिंप्याची टेप पुरे. कमरेचा घेर पुरुषात ९० सेंटिमीटर आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजनकाटा काहीही सांगो, रक्तातली साखर तपासून घ्यावी.

मग ताटात नेमके काय बदलायचे? नेहमीच्या मराठी ताटाचे सगळे घटक मुळात चांगले आहेत, बिघडले आहे ते प्रमाण. चार पोळ्या, त्यावर वाटी-दीड वाटी भात, चमचाभर बटाट्याची भाजी, पातळ वरण आणि नावापुरती कोशिंबीर, हे ताट उलटे करायचे. अर्धे ताट भाज्यांचे: एक पालेभाजी किंवा फळभाजी आणि वाटीभर काकडी, मुळा, गाजर किंवा कोबीची कोशिंबीर. पाव ताट उसळ, घट्ट वरण, पिठले, अंडी किंवा मासे यांचे. उरलेल्या पाव भागात दोन फुलके किंवा एक मध्यम भाकरी. भात हवाच असेल, तर तेवढी पोळी कमी. बटाटा, रताळे, साबुदाणा हे भाजीच्या नव्हे, धान्याच्या खात्यात मोजायचे, हेही लक्षात ठेवावे. बटाट्याची भाजी आणि पोळी म्हणजे पिठाबरोबर पीठच.

ज्वारी-बाजरीबद्दल सध्या फार बोलले जाते आणि ते योग्यही आहे. मंगळवेढ्याची ज्वारी, नगर-नाशिककडची बाजरी, कोकणातली नाचणी ही आपली रोजची धान्ये होती. रेशनच्या गहू-तांदळाने त्यांना मागे सारले. नाचणीत कॅल्शियम इतके असते, की त्या बाबतीत दुसरे कुठलेही धान्य तिच्या जवळपास येत नाही. पण मधुमेहाच्या माणसाने एक भ्रम बाळगू नये. पॉलिशच्या तांदळाच्या मानाने ज्वारीत चोथा कितीतरी जास्त आहे, तरी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठातही तो जवळपास तेवढाच असतो. तेव्हा तीन पोळ्यांच्या जागी तीन जाड भाकऱ्या आल्या, तर साखरेवर फारसा फरक पडणार नाही. भाकरीचा खरा फायदा असा, की ती सावकाश चावून खावी लागते, एकीतच पोट भरते आणि तिच्याबरोबर पालेभाजी, झुणका, कांदा आपोआप येतो. पीठ दळून आणताना चाळून कोंडा फेकायचा नाही, एवढे पाळले तर गव्हाची पोळीही वाईट नाही.

कशावर आधी हात मारायचा, यानेही फरक पडतो. न्यूयॉर्कच्या वैद्यकीय संशोधकांनी २०१५ मध्ये मधुमेहाच्या अकरा रुग्णांवर एक छोटा प्रयोग केला. जेवण तेच, फक्त क्रम बदलला. भाज्या आणि प्रथिने आधी आणि पाव-रस शेवटी घेतला, तेव्हा जेवणानंतर तासाभराने साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी आढळली. प्रयोग लहान असला तरी करून पाहायला फुकट आहे. ताट वाढल्यावर पहिली पाच-सात मिनिटे कोशिंबीर आणि उसळ खावी, मग पोळी मोडावी, भात शेवटी घ्यावा.

उसळींचे नाव काढले की पोटात वायू धरण्याची तक्रार पुढे येते. ती खरी असते, पण तिच्यावर उपाय आहेत. कडधान्य आठ-दहा तास भिजवून ते पाणी ओतून द्यावे, मोड आणून नीट मऊ शिजवावे, फोडणीत हिंग-ओवा घालावा. एकदम वाटीभर न खाता पहिला आठवडा पाव वाटी, मग अर्धी, अशी चढती कमान ठेवली की आतड्यांना सवय होते. मूग-मटकीपासून सुरुवात करून छोले-राजम्याकडे नंतर वळावे.

मिठाकडे पुन्हा येऊ. जेवताना वरून घेतलेले मीठ दिसते, बाकीचे दिसत नाही. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो आणि त्यातही सोडियमच असते. ढोकळ्यात, भज्यांत घातलेल्या खाण्याच्या सोड्यातही तेच. कोकण किनाऱ्यावर सुके बांगडे आणि खारवलेली मासळी, घाटावर ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी, शहरात नूडल्सच्या पाकिटातला मसाला. मीठ कमी करायचे तर सुरुवात कणकेपासून करावी. पोळी-भाकरीत, भातात मीठ घालायचे थांबवले, तर आठवडाभरात कुणाच्या लक्षातही राहत नाही, कारण चव भाजीने येते. ताटाच्या डाव्या बाजूला लिंबाची फोड आणि कोशिंबीर ठेवावी, तिथले मीठ मात्र काढून टाकावे. कोकम, चिंच, आमचूर, लिंबू यांचा आंबटपणा असला की मीठ कमी असूनही पदार्थ अळणी वाटत नाही. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा.

सैंधव, काळे मीठ, गुलाबी मीठ यांनी प्रश्न सुटत नाही, कारण तीही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. उलट आयोडीन मिळत नाही, ते वेगळेच. ज्यात सोडियमचा काही भाग पोटॅशियमने भरून काढलेला असतो, ते ‘लो सोडियम’ मीठ मात्र खरोखर उपयोगी ठरले आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर पाच वर्षे चाललेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये. रक्तातले पोटॅशियम वाढले तर हृदयाची लय बिघडते.

मीठ न बदलताही आहाराने रक्तदाब उतरतो, हे अमेरिकेत १९९७ मध्ये ‘डॅश’ नावाच्या चाचणीत दिसले. ४५९ जणांपैकी ज्यांना भरपूर भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूध-दही असा आहार दिला, त्यांतल्या उच्च रक्तदाबाच्या लोकांचा वरचा आकडा आठ आठवड्यांत सरासरी ११ अंकांनी खाली आला. एखाद्या गोळीने पडावा इतका हा फरक आहे. आपल्याकडे तो आहार ताक, पालेभाज्या, पेरू, पपई, मोसंबी, मूठभर शेंगदाणे यांतून सहज जमतो. त्यासाठी किवी आणि ॲव्होकाडो आणायची गरज नाही.

चहाचा हिशेब छोटा, पण बोलका. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर ३५ ते ४० ग्रॅम साखर केवळ चहातून जाते. सगळ्या दिवसाची मर्यादा तिथेच ओलांडली. एकदम बंद करण्याने चिडचिड होते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केला, तर महिन्याभरात साखर जवळजवळ सुटते. गूळ घातल्याने सुटका नाही, रक्ताच्या दृष्टीने तोही साखरच. आणि चहाबरोबरची खारी-बिस्किटे बंद करून त्या जागी फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे ठेवावेत.

उपवासाचा विषय नाजूक असला तरी टाळून चालणार नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्याची तूप-बटाटा घातलेली खिचडी, वर रताळ्याचा कीस आणि गोड दही खाल्ले, की मधुमेहाच्या माणसाची साखर नेहमीच्या जेवणापेक्षा जास्त चढते. श्रद्धा सोडायला कुणी सांगत नाही. राजगिऱ्याची भाकरी, काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर, ताक, दही, एखादे फळ, थोडे शेंगदाणे असा उपवास करता येतो. त्याहून गंभीर गोष्ट निर्जळी किंवा दिवसभर न खाण्याची. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने नेहमीचा डोस घेऊन उपाशी राहिले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम सुटणे, हातपाय थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसताच माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे. श्रावण आणि नवरात्राआधी औषधाच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घेणे म्हणूनच महत्त्वाचे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीतून आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या व्याख्यानांतून महाराष्ट्रात घरोघरी पोचलेली दोन वेळाच जेवण्याची पद्धत स्वीकारणाऱ्यांनाही हाच इशारा लागू आहे. औषधांवर असलेल्या माणसाने ती परस्पर सुरू करू नये.

एवढे करून मिळते काय, हा प्रश्न रास्त आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. काहीच न बदलणाऱ्या गटात तीन वर्षांत १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. साखर-मैदा कमी, चोथा जास्त आणि रोज अर्धा तास चालणे एवढेच करणाऱ्यांत तो ३९ जणांना झाला. मेटफॉर्मिनची गोळी देऊन मिळालेला फायदाही जवळपास तेवढाच होता. आपल्यासारखेच भात-डाळ खाणाऱ्या माणसांवरचे हे आकडे असल्याने परदेशी अभ्यासांपेक्षा ते जवळचे वाटतात. मधुमेह झाल्यानंतरही दार बंद होत नाही. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या रुग्णांना काही महिने देखरेखीखाली फार कमी कॅलरींचा आहार देऊन वजन उतरवले. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. पुढच्या वर्षी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले, कारण काहींचे वजन पुन्हा चढले. कारल्याचा रस, मेथीचे पाणी किंवा कुठल्या काढ्याने असे झाल्याचा पुरावा नाही. कारले भाजी म्हणून जरूर खावे, त्याच्या भरवशावर गोळी सोडू नये.

यादी नीट झाली तरी ती कुणाच्या ताटात किती पडते, हा प्रश्न उरतोच. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. घरातली बाई सगळ्यांचे झाल्यावर जेवायला बसते, तेव्हा उसळीच्या पातेल्यात रस्साच शिल्लक असतो. तिच्या वाटणीची वाटी आधीच काढून ठेवावी. लोखंडी कढईतली पालेभाजी, वर लिंबू पिळलेली मटकी, हळिवाचे लाडू, बाजरीची भाकरी, खात असतील तर मासे-मटण, हे सगळे उपयोगी आहे. जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातले लोह नीट शोषले जात नाही, म्हणून दोहोंत तासभर अंतर ठेवावे. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांना आहाराचा पर्याय नाही.

शाकाहारी घरांत आणखी एक गोष्ट निसटते. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच येते. पुण्यात आणि आसपासच्या गावांत याज्ञिकांच्या गटाने ४४१ पुरुष तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांत ते कमी निघाले. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही त्याची पातळी घसरते. पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात आणि सगळे खापर साखरेवर फुटते.

एकाचे पथ्य दुसऱ्याला चालतेच असेही नाही. मूत्रपिंड कमजोर असलेल्याला नारळपाणी, केळी, भरपूर डाळ या ‘पौष्टिक’ गोष्टी त्रासदायक ठरू शकतात. हृदयाची झडप बदलल्यामुळे वॉरफॅरिन घेणाऱ्याने पालेभाज्या अचानक वाढवू किंवा बंद करू नयेत, त्याने रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम बदलतो. अशा घरांनी आहारतज्ज्ञाकडून यादी करून घ्यावी आणि जाताना आधीच्या महिन्याचे वाणसामानाचे बिल बरोबर न्यावे. ‘तेल किती खाता’ या प्रश्नाचे उत्तर आठवणीपेक्षा बिलातून नेमके मिळते.

बदल सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे घरच्या यंत्रावर सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून वहीत लिहावा, तोही मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसून. साखरेचे औषध चालू असेल, तर धान्य कमी करण्याच्या दिवसापासूनच जेवणाआधीची साखर जास्त वेळा तपासावी, म्हणजे गोळी कमी करायची वेळ आली तर डॉक्टरांना आकडे दाखवता येतील. सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी मात्र महिन्याने करून उपयोग नाही. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने आहाराचा खरा परिणाम त्या तपासणीत तीन महिन्यांनी दिसतो. त्याच वेळी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि बी-१२ या दोन तपासण्याही करून घ्याव्यात आणि त्यांच्या आकड्यांवरून पुढच्या तिमाहीची यादी ठरवावी.